टायरशेठ, मडगार्डकडच्या बाजूला काय लपवलंत?

टायरशेठ यांस,

तुमचं नाव, दुकानाचं नाव, गाव यांतलं काहीही या पत्रात लिहीत नाही. वाचल्यावर तुम्ही ओळखालच. तुमच्यासारखे आणखी कोणी पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकान मांडून बसले असतील, तर त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं. पत्र खुलं ठेवलंय ते त्यासाठीच.

गेल्या दिवाळीनंतर अवसरी खुर्दहून आमचा ट्रॅक्टर तुमच्या दारात आला. पंचेचाळीस अश्वशक्तीचा, मागच्या दोन चाकांवर ओढणारा, मागच्या टायरचं माप 13.6-28. दोन्ही टायरांची नक्षी रस्त्यावर घासून सपाट झाली होती. पुतण्याला कांद्याच्या लिलावासाठी बाजार समितीत जायचं होतं, म्हणून तो गाडी तुमच्याकडे सोडून गेला. परत आला तेव्हा दोन्ही टायर बसलेले होते, काळेभोर चमकत होते, हवा ठणठणीत होती, आणि त्याच्या हातात तुम्ही एक चिठ्ठी ठेवलीत. त्यावर ‘टायर ट्यूब 2 नग’ आणि खाली रक्कम. ना कंपनीचं नाव, ना टायरचा नंबर, ना कर.

पुढे तोडलेल्या उसाच्या रानात एका टोकदार खोडक्यानं डाव्या चाकाची ट्यूब फोडली. चाक उतरवलं आणि मडगार्डकडची बाजू पहिल्यांदा उजेडात आली. तिथं चार आकडे ठसलेले होते: 3419. उजव्या चाकावर बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असे, आकडे होते 1125.

हे आकडे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे, म्हणून इतरांसाठी लिहितो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 1125 म्हणजे 2025 सालातला अकरावा आठवडा, मार्च महिना. 3419 म्हणजे 2019 चा चौतिसावा आठवडा, ऑगस्ट. म्हणजे कोरोना यायच्या आधी कारखान्यातून निघालेला टायर तुम्ही सहा वर्षांनी आम्हाला ताज्या टायरच्या भावात दिलात आणि जोडीला ताजा टायर लावून त्याचं वय झाकलंत.

ते कसं झाकलंत, हेही लोकांना कळू द्या. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला फिरण्याची दिशा असते. बाजूवर बाण असतो. नक्षीच्या तिरक्या दातांचं मधलं टोक आधी जमिनीला टेकलं पाहिजे, म्हणजे चिखल दोन्ही कडांना ढकलला जातो आणि खाच मोकळी राहते. या दिशेमुळे एकाच साच्यातल्या दोन टायरांपैकी एकाची जी बाजू बाहेर येते, तीच दुसऱ्याची आत जाते. तारीख पुष्कळ टायरांवर एकाच बाजूला ठसवलेली असते. मग एका चाकावर ती रस्त्याला दिसते आणि दुसऱ्यावर मडगार्डाखाली जाते. तुम्हाला हे पाठ आहे. म्हणून जिथं तारीख दिसते तिथं 2025 चा टायर गेला आणि जिथं दिसत नाही तिथं 2019 चा. बाण दोन्हीकडे बरोबर आहेत, बसवण्याच्या कामात खोट काढता येत नाही. एवढी अक्कल आणि एवढी काळजी तुम्ही टायर निवडून देताना वापरली असती, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुमच्या माणसाचा ब्रशचा हातही चांगला आहे. काळं पॉलिश नक्षीच्या तळापर्यंत पोहोचवलं होतं. उसाला पाणी दिलेल्या रानातून गाडी निघाली, चिखल लागला, धुतला गेला, आणि पॉलिशही गेलं. दातांच्या मुळाशी आणि बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा दिसायला लागल्या.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला प्राणवायू आणि ओझोन, ऊन, उष्णता यांनी ते ताठर होत जातं, त्याची लवण्याची ताकद कमी होते आणि जिथं ताण येतो तिथं चिरा पडतात. सावलीत, कोरड्या जागी, नीट रचून ठेवलेला टायर वर्ष-दीड वर्षाचा असला तर त्यात काही वावगं नाही. कुठलाही दुकानदार रोज कारखान्यातून माल आणत नाही. पण दुकानासमोर उन्हात मांडलेली तुमची रास मी दर हंगामात बघतो. पावसाळ्यात त्या टायरांत पाणी साचतं, उन्हाळ्यात ते तापतात, आणि सगळ्यात खालचा तसाच खाली राहतो. वरचे विकले जातात, नवे येतात, पुन्हा वर बसतात. 2019 चा टायर असाच राहिला असणार. तो तुम्हाला नको होता, म्हणून आमच्या चाकाला गेला.

तुमच्या हिशोबात हा फार तर जुन्या मालाचा निकाल असेल. आमच्याकडे तो काय असतो, ते सांगतो. गाळप हंगामात आमच्या भागातला ऊस पारगावच्या भीमाशंकर कारखान्याकडे जातो. ट्रॅक्टरमागे भरलेली ट्रॉली, कधी दोन. ट्रॉलीचा काही भार हुकावरून ट्रॅक्टरच्या मागच्या आसावर येतो आणि तो पेलतात ते हेच दोन टायर. प्रत्येक फेऱ्यात टायरची भिंत लवते आणि सरळ होते. चिरलेल्या भिंतीला ते सोसत नाही. टायर शेतात फुटला तर काम थांबतं. रस्त्यावर फुटला तर गाडी एका अंगाला बसते, ट्रॉली ढकलत येते, आणि मागून दुचाकीवर कोण येत असेल ते कोणाच्या हातात नसतं. रात्री, अरुंद रस्त्यावर, अंधारात. चालवणारा आमच्या घरचा पोरगा असतो. पैशांचा राग मी कधीतरी विसरेन. हे विसरणार नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि मला ती तारखेपेक्षा मोठी वाटते. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. गाडी दारात आल्यावर तुमच्याकडून एकच प्रश्न आला: “माप काय?” माप तर जुन्या टायरवर लिहिलेलं होतं. विचारायचं होतं ते असं: जमीन कोणती? नांगर किती, रोटाव्हेटर किती, आणि वर्षातले किती महिने ट्रॉलीला? चाकात पाणी भरता का? अशा चार प्रश्नांना चहा संपायच्या आत उत्तरं मिळतात, आणि त्यावरून टायर ठरतो.

आपला आंबेगाव तालुका एका टायरचा नाही. पश्चिमेला डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला, पाऊस कोसळतो, भातखाचरं आहेत, चिखलणी आहे. सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावरचा बटाटा आहे. इकडे पूर्वेला घोडच्या खोऱ्यात डिंभे धरणाचं पाणी कालव्यानं आलं आणि काळ्या रानात ऊस, कांदा, तरकारी उभी राहिली. ही काळी जमीन वाफसा असेल तेव्हा लोण्यासारखी कापली जाते आणि वाफसा हुकला की चाकाला चिकटून नक्षी भरून टाकते. या तीन ठिकाणच्या तीन ट्रॅक्टरांना तुम्ही एकच टायर देता, कारण तुमच्याकडे तोच पडलेला असतो.

टायरच्या बाजूवर नक्षीचा प्रकारही लिहिलेला असतो. आर-1 म्हणजे नेहमीच्या शेतीकामाची नक्षी. आर-1डब्ल्यू म्हणजे ओल्या, चिकट जमिनीसाठी, दात साधारण चौथ्या हिश्शानं जास्त खोल. आर-2 म्हणजे भात आणि उसाच्या पाणथळ रानासाठी, खोली जवळपास दुप्पट. ‘जास्त खोल ते जास्त चांगलं’ हे तुमचं नेहमीचं वाक्य ऐकून आमच्या ओळखीच्या एकानं खोल दातांचे टायर घेतले आणि हंगामभर ट्रॉली ओढली. डांबरावर उंच दात लवतात, घासतात, तापतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दातांची खोली गेली आणि तिच्यासाठी मोजलेले जादा पैसेही गेले. ज्याचा ट्रॅक्टर निम्मं वर्ष रस्त्यावर आहे, त्याला आर-1 बरा. ज्याची गाडी ओल्या काळ्या रानातून बाहेरच येत नाही, त्यानं आर-1डब्ल्यूला पैसे घालावेत. आमची गाडी पहिल्या जातीची. हे तुम्हाला कळायला जुन्या टायरांवर एक नजर पुरली असती: नक्षी मधोमध सपाट आणि कडेला शिल्लक, म्हणजे रस्ता जास्त आणि हवाही जास्त.

नायलॉन की रेडियल, हाही प्रश्न तुमच्याकडे उठत नाही. 13.6-28 मधली आडवी रेघ म्हणजे नायलॉनचा साधा टायर. रेघेच्या जागी ‘आर’ असेल तर रेडियल. रेडियलचा जमिनीला टेकणारा भाग मोठा, घसरणं कमी, डिझेल कमी, किंमत मात्र जास्त. साध्या टायरची बाजूची भिंत जाड आणि ताठ, म्हणून उसाच्या खोडक्यांत आणि दगडगोट्यांच्या बांधावर तो टिकून राहतो. आमच्यासारख्या पंचेचाळीस अश्वशक्तीच्या, उसात आणि ट्रॉलीत राबणाऱ्या गाडीला साधाच टायर ठीक, हे माझं स्पष्ट मत आहे. मोठा, चार चाकांवर ओढणारा ट्रॅक्टर घेऊन दिवसदिवस नांगरट करणाऱ्यानं रेडियलचा हिशोब मांडावा. एमआरएफ घ्या, अपोलो घ्या, सीएट, गुडइयर, जेके, बीकेटी, नाव कुठलंही घ्या. चांगल्या कंपनीचा चुकीचा टायर हा चुकीचाच टायर असतो.

प्लायचं तर तुम्ही मंत्र करून ठेवलंय. “बारा प्लाय घ्या, आयुष्यभर बघायला नको.” शेठ, प्लायचा आकडा हा टायरमध्ये खरोखर तेवढे थर आहेत असं सांगत नाही. किती हवेला किती भार पेलेल, त्या ताकदीची ती श्रेणी आहे. ज्याला ऊस ओढायचा त्याला जास्त प्लाय लागतो, कारण त्याला जास्त हवा ठेवून जास्त भार न्यायचा असतो. पण तरकारीच्या रानात रोटाव्हेटर मारणाऱ्या हलक्या ट्रॅक्टरला बारा प्लाय दिलात, तर तो टायर कमी हवेलासुद्धा ताठ राहतो, पसरत नाही, जमिनीला टेकतो तेवढाच टेकतो. त्या शेतकऱ्यानं जादा पैसे मोजले ते कमी पकडीसाठी.

हवेवर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्यात स्वस्त वस्तूत तुम्ही सगळ्यात मोठं नुकसान केलंत. तुमच्याकडून गाडी घरी आली तेव्हा मागच्या टायरांत तीस पौंडांच्या वर हवा होती. टायर टणक दिसला की गिऱ्हाईक खूश होतं. शेतात काम करताना मागच्या टायरला साधारण 12 ते 16 पौंड हवा पुरते. ट्रॉलीच्या वेळी भाराप्रमाणे थोडी वाढवायची, किती ते कंपनीच्या तक्त्यात आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. तीस पौंडांवर टायर फुगून मधोमध टेकतो. कडेचे दात हवेत राहतात. दोन टनांची गाडी हातभर पट्टीवर उभी राहते, ती पट्टी जमिनीला दाबून घट्ट करते, आणि वर चाक जागच्या जागी फिरतं. त्या घट्ट झालेल्या पट्ट्यात पुढच्या पिकाची मुळं शिरत नाहीत, पाणी मुरत नाही. कालव्याच्या पाण्यावर पिकणाऱ्या जमिनीला आधीच पाण्याचा त्रास असतो, त्यात ही भर.

चाक किती घसरतं ते मोजणं कोणालाही जमतं. टायरच्या भिंतीवर चुन्याची एक खूण करा. अवजार उचलून, त्याच रानात, त्याच गिअरमध्ये चाकाचे 10 फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. मग नांगर जमिनीत घालून पुन्हा 10 फेरे. मोकळ्या चालीत 40 मीटर झाले आणि नांगर लावून 34, तर घसरण 15 टक्के. इथपर्यंत चालतं, 8 ते 15 टक्के घसरण ही कामाच्या ट्रॅक्टरला योग्यच समजतात, त्याहून कमी असेल तर गाडीवर फुकटचं वजन आहे असं धरतात. पण नांगर लावून 30 मीटरच झाले, तर चाकाचा चौथा हिस्सा फेरा मातीत वाया गेला. डिझेल जळलं, दात झिजले, तास मात्र पुढे सरकलं नाही. आमच्या गावात 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पण या मोजणीला अभियंता लागत नाही. चुना आणि मोजपट्टी लागते. तुम्ही फिटिंग केल्यानंतर मी मोजलं, हवा उतरवून पुन्हा मोजलं, आणि एकाच रानात, त्याच नांगराला फरक दिसला. तो फरक म्हणजे तुमच्या कॉम्प्रेसरनं जाळलेलं आमचं डिझेल.

हे काही आज निघालेलं शास्त्र नाही. 1930 पर्यंत ट्रॅक्टरची मागची चाकं लोखंडाची असत, वर लोखंडी दाते. 1932 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं आपल्या ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर लावून दाखवले. सुरुवातीच्या चाचण्यांत विमानाचे टायर वापरले होते, हवा साधारण 15 पौंड. शेतकऱ्यांना भरवसा बसेना. रबर नांगराला काय पुरणार, असंच सगळे म्हणत. पण कमी हवेचा टायर मातीवर पसरतो, पकडतो आणि कमी इंधनात जास्त ओढतो, हे चाचण्यांत दिसलं आणि त्या दशकाच्या शेवटापर्यंत तिथं विकले जाणारे बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले. सगळा शोध कमी हवेचा होता. तुम्ही तीस पौंड भरून त्या रबराचं पुन्हा लोखंड केलंत.

आणि हवा भरणाऱ्या पोराबद्दलही लिहायलाच हवं. तुमच्याकडे चौदा-पंधरा वर्षांचा दिसणारा एक मुलगा टायर आडवा टाकून, वर पाय ठेवून, हवा भरतो. टायरची कड रिमवर बसेपर्यंत फटफट आवाज येतो आणि तो तसाच उभा. शेतीच्या टायरची कड रिमवर बसवताना 35 पौंडांच्या वर जायचं नसतं. नाहीच बसली तर हवा सोडून, कडेला वंगण लावून, पुन्हा भरायची. त्याच्या वर गेल्यावर कडेची तार तुटली तर टायर आणि रिम दोन्ही उडतात. त्या मुलाला दूर उभं राहू देणारा लांब नळीचा पंप तुमच्या दुकानातल्या नव्या फलकापेक्षा स्वस्त आहे. मुळात तो मुलगा शाळेत असायला हवा.

चाकात पाणी भरायचंय हे पुतण्यानं जाताना सांगितलं होतं. नांगरटीला आम्ही व्हॉल वर आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे चाकाचा पाऊण भाग, पाणी भरतो. या मापाच्या टायरात पावणेदोनशे-दोनशे लिटर बसतं आणि मागच्या चाकांना हक्काचं वजन मिळतं. ट्रॉलीचा हंगाम आला की काढून टाकतो. त्यासाठी पाणी-हवा दोन्ही घेणारा व्हॉल असलेली ट्यूब लागते. तुम्ही नुसत्या हवेची घातलीत. ऐकलं नाहीत, की ऐकून सोडून दिलंत, कुठलंही असो, पैसे ट्यूबचे पूर्ण घेतलेत.

आमच्या शेजाऱ्याचं प्रकरण तर याहून वाईट. त्याचा ट्रॅक्टर चार चाकांवर ओढणारा. तुम्ही त्याला सांगितलंत, मागं एक माप मोठं बसवा, 13.6 काढा आणि 14.9 घ्या, ताकद वाढेल. ताकद इंजिनात असते. चार चाकांच्या गाडीत पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं फिरतील असं गिअरचं गणित कारखान्यात ठरवलेलं असतं. मागचाच टायर मोठा केला की ते गणित मोडतं. पुढची चाकं मागे पडतात, मागची त्यांना ढकलतात, आणि सगळा ताण मधल्या दांड्यावर आणि पुढच्या हौसिंगवर येतो. वर रिमचा प्रश्न वेगळाच. 14.9 चा टायर 13.6 च्या अरुंद रिमवर चेपून बसवला की त्याचा माथा गोल होतो आणि पुन्हा तेच, मधोमध टेकणं. कुठल्या ट्रॅक्टरला कुठलं माप चालतं, ते त्याच्या पुस्तकात छापलेलं असतं. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालांतही तपासलेल्या गाडीच्या टायरचं माप आणि प्लाय नोंदलेला असतो. तुम्ही यातलं काही उघडून बघितलं नाहीत. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आणखी एकाला तुम्ही एकच टायर बदलून दिलात, “दुसरा अजून वर्षभर जाईल” म्हणून. एकीकडे पूर्ण उंचीचे दात, दुसरीकडे झिजलेले. दोन चाकांचा घेर वेगळा. सरळ रस्त्यावरसुद्धा त्याचं डिफरन्शियल आता अखंड राबतंय आणि नांगरताना स्टिअरिंग एका अंगाला ओढतंय. मागचे टायर जोडीनं बदलतात, हे तुमच्याकडे काम शिकणाऱ्या त्या पोरालाही माहीत असेल.

पावतीचं थोडक्यात सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. करापूर्वी 20,000 रुपयांच्या टायरवर आधी 3,600 रुपये कर लागायचा, आता 1,000. एका टायरमागे 2,600 आणि जोडीमागे 5,200 रुपये शेतकऱ्याच्या खिशात राहावेत म्हणून तो कमी झाला. दिवाळीनंतर तुम्ही आमच्याकडून जुनाच भाव घेतलात आणि वर चिठ्ठी दिलीत. म्हणजे तो कर सरकारकडेही गेला नाही आणि आमच्याकडेही राहिला नाही. पक्की पावती नसली की कंपनीकडे तक्रार उभी राहत नाही, हेही तुम्ही जाणता. चिठ्ठीचा खरा उपयोग तोच आहे.

तुम्ही म्हणाल, लोकच स्वस्त मागतात. मागतात. बटाट्याला भाव नसलेल्या वर्षी टायर घ्यायला आलेला माणूस आणखी काय मागणार? पण आम्ही तुमच्याकडे स्वस्त मागितलं नव्हतं, भाव तुम्ही सांगितला तो दिला. आणि ज्याला खरंच परवडत नाही त्याला समोर बसवून सांगा की हा टायर सहा वर्षांचा आहे, इतक्या कमी पैशांत देतो, रस्त्यावर नेऊ नको, कोळपणी-फवारणीला वापर. तो विचार करून घेईल किंवा घेणार नाही. तारीख मडगार्डाखाली फिरवून त्याच्या वतीनं विचार करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? टायर हा वजनकाट्यावरचा माल नाही, म्हणून मापात पाप करता येत नाही, असं लोकांना वाटतं. तुम्ही ते वर्षांच्या मापात केलंत.

तालुक्यात असे दुकानदार आहेत जे टायर उतरवून आधी तारीख दाखवतात, मग भाव सांगतात. त्यांच्याकडे रांग कमी असते, कारण त्यांचा भाव शंभर-दोनशे जास्त असतो. तुमच्यामुळे ते महाग दिसतात. याचाही जाब तुम्हालाच द्यायचा आहे.

तर आता मागणी लिहून देतो, म्हणजे पुढे तोंडी कळलं नव्हतं असं व्हायला नको. 2019 चा टायर परत घ्या. त्या जागी उजव्या चाकाच्या जोडीचा, त्याच नक्षीचा, तेवढ्याच प्लायचा, 2025 किंवा त्यानंतरचा टायर द्या. पाण्याच्या व्हॉलच्या दोन ट्यूब द्या. दोन्ही टायरांचे नंबर, तारीख, माप, प्लाय आणि 5 टक्के कर लिहिलेली पक्की पावती द्या, आणि जादा घेतलेली रक्कम परत करा. शेजाऱ्याच्या 14.9 च्या जोडीबद्दल आणि एकच टायर घेतलेल्या माणसाबद्दलही हेच.

हे झालं नाही तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी यंत्र वापरणारा शेतकरी त्यात ग्राहक आहे. पावती न देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला पुण्याच्या जिल्हा आयोगात फी लागत नाही. 1915 या क्रमांकावर आधी फोन करता येतो. डाव्या टायरचे, त्याच्या चिरांचे आणि 3419 चे फोटो काढून ठेवले आहेत. तुमची चिठ्ठीही जपून ठेवली आहे. अक्षर तुमचंच आहे.

टायर आमच्या गोठ्याशेजारी सावलीत ठेवलाय. दुकान उघडण्याच्या वेळेत कधीही येऊन घेऊन जा. येताना बदलीचा टायर आणा, तारखेची बाजू वर करून.

अवसरी खुर्द, तालुका आंबेगाव इथला एक ऊस-कांदा उत्पादक